जुन्या क्लॅरिनेटची पट्टी कशी ओळखावी आणि तिचा सूर कसा जुळवावा

मुंबईच्या चोर बाजारात किंवा बंद पडलेल्या एखाद्या बँडच्या सामानात काळ्या लाकडाची, पांढऱ्या धातूच्या चाव्यांची जुनी क्लॅरिनेट आजही मिळते. घेणारा बहुधा लाकूड, चाव्या, चाव्यांखालचे पॅड आणि किंमत पाहतो. वाद्य कोणत्या पट्टीसाठी, म्हणजे कोणत्या प्रमाण स्वरउंचीसाठी, बनवले गेले होते, हा प्रश्न मात्र घरी आणून हार्मोनियमशी सूर मिळवू लागल्यावरच त्याला पडतो. खरे तर तो सर्वांत आधी विचारायला हवा. सतारीची खुंटी पिळून तार हवी तेथे नेता येते. क्लॅरिनेटचा सूर नळीच्या लांबीने आणि छिद्रांच्या जागांनी कारखान्यातच ठरून येतो आणि वाजवणाऱ्याच्या हाती त्यातला अगदी थोडा भाग उरतो. तो थोडा भाग नीट वापरायचा असेल, तर आधी कारखान्याने काय ठरवून दिले आहे ते समजून घ्यावे लागते.

या लेखात दिलेली मापे बी-फ्लॅट क्लॅरिनेटची आहेत, कारण आपल्याकडे तीच सर्वाधिक वाजते. तिच्यावर लिहिलेला ‘सी’ वाजवला की ऐकू येतो तो बी-फ्लॅट, म्हणजे हार्मोनियमची काळी पाच. लिहिलेला ‘जी’ वाजवला की ऐकू येतो ‘एफ’, म्हणजे पांढरी चार. पुढे वाद्यावर वाजवायच्या स्वरांची नावे क्लॅरिनेटवर लिहिली जातात तशीच वापरली आहेत; पट्टी ठरवणारा ‘ए’ मात्र ऐकू येणारा आहे. सूक्ष्म फरक सेंटमध्ये दिले आहेत. एका अर्धस्वराचे शंभर सेंट होतात.

पट्टी एक नव्हती

एकोणिसाव्या शतकात युरोपात शहरागणिक, कधी नाट्यगृहागणिक पट्टी वेगळी असे आणि वाद्यवृंद अधिक तेजस्वी वाजावा म्हणून ती हळूहळू वर सरकत होती. याला आवर घालण्यासाठी फ्रान्सने १८५९ साली कायदा केला आणि मध्य ‘सी’च्या वरचा ‘ए’, म्हणजे आपली पांढरी सहा, १५ अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदाला ४३५ कंपनांवर निश्चित केला. त्या समितीत रोसिनी आणि बेर्लिओझ यांच्यासारखे संगीतकार होते आणि लिसाजू हे पदार्थवैज्ञानिकही होते. १८८५ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या परिषदेने हेच मानक स्वीकारले.

ब्रिटन मात्र दीर्घकाळ वेगळ्या वाटेने गेला. तेथील फिलहार्मोनिक पट्टी सुमारे ४५२ पर्यंत चढली होती. १८९६ साली लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने ती ४३९ वर आणली. फ्रेंच ४३५ हा आकडा १५ अंशांचा आहे आणि वाद्यवृंदाच्या दालनात हवा अधिक उबदार असल्याने वाद्ये चढतात, असा त्यामागील हिशेब होता. वाद्यवृंद बदलले, तरी लष्करी बँड बदलले नाहीत, कारण पट्टी बदलणे म्हणजे पलटणीची सगळी वाद्ये नव्याने विकत घेणे. ब्रिटिश लष्कराचे बँड १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या पट्टीवरच राहिले आणि ब्रिटनमधील ब्रास बँड तर १९६०च्या दशकापर्यंत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा दुवा हा आहे. ब्रिटिश पलटणींचे बँड हिंदुस्थानात होते, संस्थानिकांनी त्याच धर्तीवर आपापले बँड उभे केले आणि लग्नाच्या मिरवणुकीतील बँड याच परंपरेतून पुढे आला. त्यामुळे १९३० पूर्वीची ब्रिटिश बनावटीची क्लॅरिनेट हाती आली, तर ती ४५२ची असण्याची शक्यता गृहीत धरूनच तिच्याकडे पाहावे.

४४० हा आकडा १९३९ साली लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला आणि १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. ४३९ ऐवजी ४४० का, याचे एक कारण मला फार आवडते. बीबीसी आपला प्रमाण स्वर स्फटिकाच्या दहा लाख कंपनांना पूर्ण संख्यांनी भागून आणि गुणून तयार करीत असे आणि ४३९ ही मूळ संख्या असल्याने त्या रीतीने मिळत नव्हती. आज युरोपातील अनेक वाद्यवृंद ४४२ किंवा ४४३ वर वाजतात आणि कारखाने ४४० व ४४२ अशा दोन्ही पट्ट्यांची वाद्ये बनवतात. मात्र ४४० आणि ४४२ यांत फरक अवघा ८ सेंटचा आहे, तो वाजवणाऱ्याला सांभाळता येतो. ४४० आणि ४५२ यांतील फरक सुमारे ४७ सेंटचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचा आहे आणि तो सांभाळता येत नाही.

वाद्य घेण्यापूर्वीची तपासणी

प्रथम वाद्याच्या अंगावरील खुणा पाहाव्यात. कारखान्याच्या नावाखाली किंवा क्रमांकाजवळ ‘एचपी’ अथवा नुसते ‘एच’ ही रोमन अक्षरे कोरलेली असतील, तर वाद्य चढ्या पट्टीचे आहे. ‘एलपी’ किंवा ‘एल’ असेल, तर उतरत्या, म्हणजे आजच्या पट्टीच्या जवळचे. खूण नसेल, तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण अनेक वाद्यांवर अशी खूण कधी केलीच गेली नाही. अक्षरे झिजूनही जातात, म्हणून माउथपीस (तोंडात धरायचा भाग) सोडून उरलेले चारही तुकडे, म्हणजे बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा), वरचा जॉइंट, खालचा जॉइंट आणि बेल (तळाचे भोंग्यासारखे तोंड), उजेडात तिरके धरून पाहावेत. चारही तुकड्यांवर एकाच कारखान्याचे नाव आहे का, हेही याच वेळी पाहावे. बॅरल किंवा बेल दुसऱ्याच वाद्याची असणे जुन्या मालात अगदी नेहमीचे आहे.

नंतर लांबी मोजावी. आजची बी-फ्लॅट क्लॅरिनेट माउथपीससह साधारण ६६ ते ६७ सेंटिमीटर भरते. चढ्या पट्टीची तिच्यापेक्षा सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर आखूड असते. येथे एक फसवी शक्यता ध्यानात ठेवावी. चढ्या पट्टीची ‘ए’ क्लॅरिनेट आजच्या बी-फ्लॅटपेक्षा थोडी लांब भरते आणि बी-फ्लॅट म्हणून विकली जाऊ शकते. ती वाजवली की सूर काळी पाच आणि पांढरी सहा यांच्या बरोबर मधोमध कोठेतरी लागतो. असे वाद्य कोणत्याही पट्टीत बसत नाही.

निर्णायक तपासणी वाजवूनच होते, पण त्याआधी हवा गळत नाही याची खात्री करावी, कारण गळक्या वाद्याचे आकडे काहीच सांगत नाहीत. वरच्या जॉइंटची सगळी छिद्रे बोटांनी बंद करून खालचे टोक तळहाताने दाबावे आणि वरून हवा ओढावी. ओढ काही क्षण टिकली, तर पॅड आणि लाकूड ठीक आहेत. हेच खालच्या जॉइंटचेही करावे. गळती असेल, तर ती भेगेतून आहे की पॅडखालून, हे कारागिराला दाखवल्याशिवाय किंमत ठरवू नये.

वाजवून पाहताना आपली नेहमीची माउथपीस आणि चांगली वाजणारी रीड (माउथपीसवर बसवायची पातळ कंपणारी पट्टी) सोबत न्यावी. बॅरल पूर्ण आत ढकलावी, दहा मिनिटे वाजवून वाद्य गरम करावे, ट्यूनर (सूर मोजणारे उपकरण) ४४० वर ठेवावा आणि चार स्वर तपासावेत: सर्व छिद्रे मोकळी असलेला ‘जी’, डाव्या हाताचा अंगठा व तीन बोटे ठेवून लागणारा ‘सी’, त्याच बोटांवर रजिस्टर चावी (सूर वरच्या भागात नेणारी अंगठ्याची चावी) दाबून मिळणारा वरचा ‘जी’ आणि जवळजवळ सगळी नळी बंद करून रजिस्टर चावीने लागणारा मधला ‘सी’. सर्वांत खालचा ‘ई’ या कामासाठी वापरू नये, कारण तो बहुतेक वाद्यांत मुळातच थोडा उतरलेला असतो. ट्यूनरकडे न पाहता आधी स्वर सरळ, सैल ओठांनी लावावा, मग काट्याकडे नजर टाकावी. काटा पाहत पाहत वाजवले की ओठ नकळत सूर दुरुस्त करतात आणि वाद्याचा दोष झाकला जातो. चारही स्वर ४० ते ५० सेंट वर असतील, तर वाद्य चढ्या पट्टीचे आहे. चारही थोडेसे वर असतील, तर वाद्य योग्य आहे आणि बॅरल ओढली की ते जुळेल. चौघांपैकी एखादाच बिघडलेला असेल, तर दोष पट्टीचा नसून पॅडचा, छिद्राचा किंवा माउथपीसचा आहे.

बॅरल ओढून चढी पट्टी उतरत का नाही

विक्रेता बहुधा म्हणतो की बॅरल थोडी बाहेर काढा, सूर उतरेल. सूर उतरतो हे खरे, पण सगळे स्वर सारखे उतरत नाहीत. मोकळा ‘जी’ वाजताना नळीची परिणामी लांबी सुमारे २५ सेंटिमीटर असते, तर सर्वांत खालचा ‘ई’ वाजताना ती ५८ सेंटिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे बॅरल एक मिलिमीटर ओढली की मोकळा ‘जी’ अंदाजे ७ सेंट उतरतो आणि खालचा ‘ई’ मात्र ३ सेंटच उतरतो. चढ्या पट्टीचा ‘जी’ ४४० च्या मानकाशी जुळवायला सुमारे ७ मिलिमीटर ओढ लागते. तेवढ्या ओढीत खालचा ‘ई’ २० सेंटच्या आसपास उतरून तेथेच थांबतो. वाद्याचा वरचा भाग जुळतो आणि खालचा २५ सेंटहून अधिक चढा राहतो, म्हणजे वाद्य स्वतःशीच बेसूर होते. लांब बॅरल बनवून घेतली, तरी गणित हेच राहते, कारण छिद्रांमधील अंतरे आखूड नळीसाठी आखलेली असतात.

म्हणून चढ्या पट्टीचे वाद्य हार्मोनियम, की-बोर्ड किंवा इतर वाद्यांबरोबर वाजवण्यासाठी घेऊ नये, मग त्यावरील नाव कितीही मोठे असो. मात्र ते टाकाऊही नसते. छिद्रे आणि बोअर (नळीची आतली पोकळी) शाबूत असतील, तर त्याचे स्वर एकमेकांशी जुळलेले असतात. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पट्टी बारीक चढवून वाद्याच्या षड्जावर आणली आणि तबलाही तेवढा चढवला, तर एकल रागवादनासाठी असे वाद्य निर्दोष वाजते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ज्याला जागा नाही, त्याला आपल्या संगीतात जागा मिळते, कारण आपल्याकडे षड्ज कोठेही धरता येतो.

योग्य पट्टीचे वाद्य जुळवताना

सूर जुळवण्यापूर्वी वाद्य गरम होऊ द्यावे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग वाढून सूर तत्त्वतः ३ सेंट चढतो. नळीचा वरचा भाग श्वासानेच गरम राहत असल्याने प्रत्यक्षात फरक काहीसा कमी पडतो, तरी पुण्यातील डिसेंबरची सकाळ आणि मे महिन्यातील मांडव यांत तो स्पष्ट ऐकू येतो. हार्मोनियमच्या धातूच्या पट्ट्या मात्र जवळजवळ आहेत तेथेच राहतात. म्हणून कार्यक्रमाच्या जागेवर, तेथील हवेतच सूर जुळवावा. घरून जुळवून नेलेल्या वाद्याचा उपयोग नाही.

रीडचाही यात वाटा असतो. फार मऊ रीडवर सूर खाली घसरतो आणि फार कडक रीडवर ओठ आवळले जाऊन तो चढतो. मोठ्याने वाजवताना क्लॅरिनेट उतरते आणि हळू वाजवताना चढते; बासरीत याच्या उलट घडते, त्यामुळे दोन्ही वाद्ये सोबत असतील, तर मध्यम आवाजातच जुळवावे.

आता ओढण्याचा क्रम. मोकळा ‘जी’ लावावा आणि तो चढा असेल, तर बॅरल ओढावी, पण एक ते दीड मिलिमीटरच्या पलीकडे शक्यतो जाऊ नये. नंतर रजिस्टर चावीचा मधला ‘सी’ लावावा. तो अजूनही चढा असेल, तर वरचा आणि खालचा जॉइंट यांमधील सांधा थोडा उघडावा. शेवटी सगळी छिद्रे बंद करून लागणारा मधला ‘बी’ तपासावा आणि तेवढाच चढा असेल, तर बेल किंचित ओढावी. प्रत्येक टप्प्यानंतर मोकळ्या ‘जी’कडे परत यावे. सगळी ओढ बॅरलवरच टाकली, तर ‘जी’, ‘ए’ आणि बी-फ्लॅट हे गळ्याजवळचे आखूड नळीचे स्वर अवाजवी उतरतात. ओढ तीन सांध्यांत विभागली की स्वरांमधील अंतरे टिकतात. ओढलेल्या सांध्यात आतून जी पोकळ खाच पडते, तीही या स्वरांना बाधते, म्हणून नेहमी ओढून वाजवावे लागत असेल, तर खाचेत योग्य जाडीची ट्यूनिंग रिंग बसवावी किंवा एखाद्या मिलिमीटरने लांब बॅरल घ्यावी. वाद्य सगळीकडेच उतरलेले असेल, तर एक मिलिमीटर आखूड बॅरल हाच उपाय आहे.

काट्यापेक्षा कान अधिक विश्वासार्ह आहे. तानपुरा लावून त्यावर लांब स्वर धरावा. ४४० आणि ४४२ एकत्र वाजले की सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. लाटा मंदावत मंदावत नाहीशा झाल्या की सूर मिळाला. तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, म्हणून तेथे काटा खाली दिसला, तर ओठ आवळून तो वर ढकलू नये.

गळ्याजवळच्या स्वरांची एक वेगळी अडचण आहे. बी-फ्लॅटसाठी उघडते ते छिद्र रजिस्टर चावीचेही काम करते. एकाच छिद्राकडून दोन कामे घ्यायची, तर त्याची जागा आणि आकार दोन्ही कामांना पूर्ण न्याय देणारे असूच शकत नाहीत. त्यामुळे हा स्वर घुसमटलेला आणि पुष्कळदा चढा लागतो. ‘ए’ आणि बी-फ्लॅट धरताना उजव्या हाताची दोन-तीन बोटे छिद्रांवर ठेवली की सूर थोडा उतरतो आणि आवाज भरतो. कोणती बोटे ठेवायची, हे प्रत्येक वाद्यावर करून पाहावे लागते. एखादाच स्वर मंद आणि उतरलेला लागत असेल, तर त्याच्या पॅडची उंची पाहावी. पॅड छिद्राच्या फार जवळ राहत असेल, तर असेच होते. छिद्रे रुंद करणे किंवा भरून अरुंद करणे हे काम कुशल कारागिरानेच करावे, कारण एकाच छिद्राचा परिणाम खालच्या आणि वरच्या अशा दोन स्वरांवर होतो.

बनावट कशी बदलली

क्लॅरिनेट रजिस्टर चावी दाबल्यावर सप्तकाने नव्हे, तर सप्तक आणि पंचम इतकी उडी मारते. ही उडी सर्व बोटांवर अचूक बसवणे हाच कारखानदारांचा जुना प्रश्न. १८३९ साली वादक क्लोझे आणि कारागीर बुफे यांनी पॅरिसमध्ये मांडलेल्या बोएम पद्धतीने छिद्रांच्या जागा सुधारल्या, पण बोअरचा प्रश्न राहिला. १९५०च्या दशकात बुफे क्रॅम्पाँ कारखान्याच्या आर-१३ या वाद्यात रोबेर कारे यांनी वरच्या जॉइंटची पोकळी टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या व्यासांची केली आणि आजची बहुतेक वाद्ये त्याच विचारावर उभी आहेत. आर-१३चा बोअर सुमारे १४.६ मिलिमीटरचा आहे. याउलट बूझी अँड हॉक्सच्या प्रसिद्ध १०१० वाद्याचा बोअर १५.२ मिलिमीटरचा आणि जवळजवळ सरळ होता. या वाद्याला त्याचीच रुंद, सरळ बोअरची माउथपीस लागते. आजची साधी माउथपीस लावून पाहिली, तर वरचे आणि खालचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत आणि उत्तम वाद्याला नाहक दोष दिला जातो. जुने ब्रिटिश वाद्य घेताना सोबतची मूळ माउथपीस म्हणूनच सोडू नये, भले ती डागाळलेली असो.

जुन्या काळी बोअर हत्याराने घासून काढला जाई आणि हत्यार झिजले की बोअर अरुंद होई. म्हणूनच एकाच नावाची दोन वाद्ये वेगळी वाजत आणि जाणते वादक अनेक वाद्ये वाजवून एक निवडत. फिलाडेल्फियाचे हान्स मोएनिग आतून उलट्या निमुळतेपणाच्या बॅरल बनवून असे फरक सुधारत असत. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हा फरक पुष्कळ कमी केला आहे. त्यामुळे आज विद्यार्थ्यांसाठीची एबीएस प्लास्टिकची यामाहा क्लॅरिनेट सुरात बसण्याच्या बाबतीत बऱ्याच जुन्या लाकडी वाद्यांना मागे टाकते आणि नवशिक्याने तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाजाचा गोडवा नंतर शोधता येतो. बेसूर वाद्यावर बिघडलेला कान सुधारायला फार काळ लागतो.

लाकडी वाद्यांचे लाकूड आपल्या शिसवाच्याच कुळातील आफ्रिकन ब्लॅकवूड असते. ते वर्षानुवर्षे सुकत जाते आणि बोअर किंचित आकसतो किंवा लंबगोल होतो, म्हणजे कारखान्यात अचूक असलेले वाद्यही पन्नास वर्षांनी तसेच असेल असे नाही. उष्ण प्रदेशांसाठी बनवलेली एबोनाइटची (कडक रबराची) वाद्ये आकसत नाहीत. ती हिरवट तपकिरी होतात आणि घासली की गंधकाचा वास येतो, पण बोअर बहुधा शाबूत असतो. बुफेने १९९४ साली आणलेल्या ग्रीनलाइन वाद्यात ब्लॅकवूडची भुकटी आणि कार्बनचे तंतू एकत्र दाबलेले असतात. तिला भेग जात नाही आणि पावसाळ्यातून थेट वातानुकूलित सभागृहात जाणाऱ्या वादकाला ती सोयीची पडते. जुनी लाकडी क्लॅरिनेट घेतलीच, तर पहिले काही आठवडे ती रोज थोडा वेळच वाजवावी, वाजवून झाल्यावर आतून कापडाने पुसावी आणि लाकूड आपल्या हवेला सरावले की मगच वर सांगितलेल्या चार स्वरांची नोंद नव्याने करून बॅरलची लांबी कायमची ठरवावी.